कच्च्या लिंबूची शपथ

मला एकदा मैदानात आडवं पाडलं होतं, आणि ती सकाळ माझ्या लहानपणातली सगळ्यात चांगली सकाळ होती. हे वाक्य मी मैदान वाचवायच्या पत्रकात लिहिलं असतं तर आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी त्यावर काट मारली असती. पत्रकाची सुरुवात मागणीने करावी, असं ते शिकवतात. ठीक आहे. माझ्या आयुष्यातली पहिली मागणी हीच होती: मला पाडा. बॉल माझ्याकडे असेल तर माझ्याही पायात पाय घाला, खांद्याने रेटा, आणि मी पडले तर जगबुडी झाल्यासारखे चेहरे करू नका. तेव्हा मी सहावीत होते.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. मागे एक मोकळा प्लॉट. तो कोणाच्या नावावर होता ते मोठ्या माणसांना माहीत असेल, आमच्या लेखी तो आमचा होता. एका बाजूला आमच्या बिल्डिंगांची कुंपणाची भिंत, तिला पोरांनी पाडलेलं भगदाड, त्यातून ये-जा. दुसऱ्या बाजूला गावठाण सुरू व्हायचं. बैठी कौलारू घरं, तिठ्यावर चुना फासलेला क्रूस, आणि मे महिन्यात प्रत्येक ओट्यापुढे चटईवर पसरलेल्या लाल मिरच्या. तिथल्या बायका वर्षाचा मसाला त्याच महिन्यात करायच्या. त्या मिरच्यांशी माझा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

बिल्डिंगमधल्या पोरांत मी कच्चा लिंबू होते. कच्चा लिंबू म्हणजे खेळात असून नसलेलं माणूस. तो धावतो, ओरडतो, दमतो. पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याने मारलेला गोल धरत नाहीत. ही सोय मुळात लहानग्यांसाठी असते. भावंडाला सांभाळत खेळायचं असतं, म्हणून त्याला आत घ्यायचं आणि मोजायचं नाही. चार वर्षांच्या पोराला ते चालतं. त्याला फक्त धावायचं असतं.

मी चार वर्षांची नव्हते. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा माझ्याहून दोन इयत्ता मागे. तोही कच्चा लिंबू होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने एकदा तोंड फुगवून विचारलं, मी कधी पक्का होणार? कॅप्टन म्हणाला, जा, आजपासून झालास. संपलं. मीही लगेच विचारलं. कॅप्टन म्हणाला, तुला लागलं तर तुझी आई खाली येईल. माझी आई सकाळी आठला ऑफिसला जायची ती संध्याकाळी सातला यायची. ती कोणाशी भांडायला एकदाही खाली उतरली नव्हती. उतरली असती ती त्या मुलाची आई. गच्चीतून तिचं लक्ष असायचं आणि पोराला कोणी हात लावला की ती जिन्यापासूनच बोलायला सुरुवात करायची. पण तो पक्का झाला, आणि मी राहिले.

कॅप्टन हा कॅप्टन होता कारण बॉल त्याचा होता. आठवीत होता. दुष्ट वगैरे अजिबात नव्हता, आणि मला तोच तर राग होता. दुष्ट माणसाशी सरळ भांडता येतं. हा प्रेमाने वागायचा. आम्ही आबाधुबी खेळायचो. तिथे टीम नसते, नियम जवळजवळ नसतात, बॉल ज्याच्या हातात तो दुसऱ्याला फेकून मारतो आणि बाकीचे जीव घेऊन पळतात. पाठीवर बॉलचा लाल गोल उठला की दुसऱ्या दिवशी शाळेत शर्ट वर करून दाखवायचा. माझ्या पाठीवर कधी काही उठलं नाही. माझी वेळ आली की कॅप्टन तीन पावलं पुढे यायचा आणि खालून, हळूच, देवाला फूल वाहावं तसा बॉल टाकायचा. तो माझ्या पोटरीला लागून तिथेच पडायचा. मग म्हणायचा, चल, तुला नाही धरत, जा.

फुटबॉलमध्ये त्याहून वाईट. मी बॉल घेऊन गेले की समोरचे बाजूला व्हायचे. एकदा गोलकी, म्हणजे गोलकीपर, चक्क बाजूला झाला, गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या दोन पेव्हर ब्लॉकमधून बॉल गेला, आणि तो कंबरेवर हात ठेवून मला म्हणाला, झालं तुझं? आता आण तो बॉल. कच्च्या लिंबूला एक काम मात्र पक्कं असतं. बॉल आणायचा.

आता शपथेचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथे अडलं.

आमच्याकडे रेफरी नव्हता. शिट्टी होती ती वॉचमनकाकांकडे, आणि ते ती आम्हाला हाकलण्यासाठी वाजवायचे. तेव्हा फाऊल झाला की नाही, याचा निकाल पडलेल्या माणसाच्या तोंडून लागायचा. त्याने उभं राहायचं, गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि म्हणायचं, आईशप्पथ फाऊल होता. किंवा, आईशप्पथ नव्हता. ते म्हटलं की विषय बंद. समोरच्याची कितीही जळली तरी बंद. खोटी शपथ घेतली की आई मरते, याबद्दल आमच्यात कोणालाच शंका नव्हती, विज्ञानात पैकीच्या पैकी घेणाऱ्यांनाही नव्हती. गावठाणातली पोरं क्रूसाकडे तोंड करून शपथ घ्यायची. बाकी नियम तोच.

पण उभं राहून घ्यायची. लोळत घेतलेली शपथ कोणी मानत नसे. आणि सगळं नाटक इथूनच शिरलं. पडलेला उठलाच नाही तर? मग शपथ नाही. शपथ नाही म्हणजे निकाल बघणाऱ्यांच्या दयेवर. जो जास्त वेळ लोळेल त्याला पेनल्टी.

आमच्या फॉरवर्डने हे बरोबर हेरलं होतं. टीव्हीवरच्या मॅचेस बघून तो पडायला शिकला होता. त्यांच्या गच्चीवर जुनी गादी टाकून तो पडण्याचा सराव करायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मैदानात वारा लागला तरी हा कोसळायचा. कोसळल्यावर तीन कोलांट्या, मग पाय पोटाशी, मग आभाळाकडे बघून एक लांब कण्हणं. घाईत कधी उजव्या पायाला लागलेलं असताना डावा धरायचा, आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, अरे तो नाही, तो. बाकीच्या वेळी सगळे त्याला ‘रडीचा डाव खडी’ म्हणून चिडवायचे. पेनल्टी मिळाली की तेच त्याला खांद्यावर घ्यायचे. तत्त्वाची किंमत लोक कधी विसरतात, ते मी तिथेच पाहिलं. पुढे सभांमधून बघायला मिळालं त्यात नवीन काही नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात गावठाणातली पोरंही सकाळी प्लॉटवर यायला लागली. मैदान एक, टीम दोन. दोन-तीन दिवस धक्काबुक्की झाली, एकमेकांचे पेव्हर ब्लॉक फेकून झाले, मग ठरलं की एक मॅच खेळायची. जिंकेल त्याला सुट्टीभर सकाळ. हरेल त्याला दुपारचं ऊन.

आमची निम्मी टीम गावाला आंबे खायला गेलेली. कॅप्टनने बोटं मोजली, परत मोजली आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. फाटकी छत्री घ्यावी की भिजावं, असा विचार करणाऱ्या माणसासारखा तो बघत होता.

गावठाणाकडचा कॅप्टन हा त्यांचा डिफेंडर. उंच, काटकुळा, अनवाणी, कानामागे जुन्या जखमेचा व्रण. मॅचच्या आधी आमच्या कॅप्टनने त्याला नियम सांगितला की ही कच्चा लिंबू आहे, हिला धक्का द्यायचा नाही.

तो म्हणाला, “हिने गोल मारला तर धरायचा?”

आमचा म्हणाला, “धरायचा.”

“वा रे वा. गोल धरायचा आणि हिला पाय लावायचा नाय?”

“मुलगी आहे ना यार.”

“मग घरी बसव. खेळणार तर पाय लागणार.”

माझ्याबद्दल इतकं सरळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्या पोराकडे बघत राहिले. आमच्या कॅप्टनने ‘बघू’ म्हटलं. बघू हा आमच्या सोसायट्यांचा लाडका शब्द. बघू म्हटलं की कबूल केलेलं नसतं आणि नाकारलेलंही नसतं, नंतर जसं सोयीचं पडेल तसं म्हणता येतं. तो पोरगा त्याला हो समजला. तिथल्या माणसांनी अजून बघू ऐकलेलं नसावं.

मॅच सुरू झाली. मला आमच्या कॅप्टनने उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला उभं केलं आणि हलू नकोस म्हणून बजावलं. तरी बॉल आणायचं काम माझ्याकडेच राहिलं. प्लॉटचं दुसरं टोक गावठाणाचं. बॉल जोरात गेला की थेट ओट्यापुढच्या मिरच्यांत. एक मावशी तिथे काठी घेऊन बसली होती, मुळात कोंबड्यांसाठी. पहिल्या वेळी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या वेळी म्हणाली, अगो पोरी, हे सगले मुलगे काय लंगडे हायेत, बॉल तूच आणतेस तो? मी मिरच्यांतून बॉल उचलला, फ्रॉकला पुसला, हात फ्रॉकला पुसले. मिरची अशी पुसली जात नसते.

मॅच बरोबरीत आली. ऊन चढलं, दोन्हीकडचे दमले, मग ठरलं, नेक्स्ट गोल विन. आणि त्यानंतर लगेच आमच्या गोलकीने मारलेली लांब किक कोणाच्या तरी डोक्याला लागून नेमकी माझ्या पायाशी आली.

कॅप्टन ओरडत होता, इकडे दे, इकडे दे. मी दिला नाही. समोर मोकळं होतं. मी धावले. मला बॉल पायाला चिकटवून वगैरे पळवता येत नव्हता, मी तो पुढे ढकलायचे आणि त्याच्या मागे जायचे. असं दोनदा-तीनदा केलं. मग तो उंच पोरगा समोरून आला. सवयीने मला वाटलं, होईल बाजूला. आमचे व्हायचे ना.

तो झाला नाही. तो तिरका आला, अनवाणी पाय बॉलवर पडल्याचा थप्प असा आवाज आला, आणि मग त्याच्या पायावरून मी उडाले. गुडघा, तळहात, हनुवटी, अशा क्रमाने मी जमिनीवर उतरले. तोंडात माती गेली. मान वळवून बघितलं तर बॉल त्याच्या पायाशी होता.

त्याने तो माझ्याकडून घेतला होता. म्हणजे त्याच्या आधी तो माझ्याकडे होता. हे माझ्या डोक्यात इतकं लख्ख आलं की गुडघ्याचं दुखणं मागाहून पोहोचलं. त्याने मला पाडायला पाय घातला नव्हता, बॉल घ्यायला घातला होता, कारण मी गोल मारीन असं त्याला वाटलं होतं. असं वाटलेला तो पहिला माणूस.

मी तोंडावरची माती पुसली. त्याच हाताने. मिरची डोळ्यांत गेली आणि डोळे भरभरून वाहायला लागले.

मग काय, कॅप्टनला आणखी काय हवं होतं. तो धावत आला, माझ्याजवळ बसला. वर तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मुलीला पाडता, लाज नाही वाटत? आणि खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “मस्त. उठू नकोस. पडून राहा.”

फॉरवर्ड दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसला. त्याच्या क्षेत्रातलं काम निघालं होतं. तो मला पाय पोटाशी घ्यायला सांगत होता. म्हणाला, गुडघा धर, दोन्ही हातांनी, हां, आता जरा कण्ह.

आमचे सगळे जमा झाले. बघा, रडतेय बघा. केवढं लागलंय बघा. गावठाणातली पोरं गोंधळली. ओट्यावरून मावशीही त्या उंच पोराच्या नावाने ओरडायला लागली, पोरीला कशाला लोटलास रे मेल्या. तो मान खाली घालून एकच वाक्य बोलत होता, मी आधी बॉल घेतला, आधी बॉल. कोणी ऐकत नव्हतं. त्यांचा गोलकी पेनल्टीसाठी दोन ब्लॉकच्या मध्ये जाऊन उभाही राहिला होता. दया दाखवून झाली होती, निकाल लागला होता, आणि मी अजून जमिनीवरच होते.

तेव्हा तो पोरगा माझ्याजवळ आला. आमच्यातल्या कोणाकडे न बघता मला म्हणाला, “तू सांग. शपथ घे.”

मी उठायला लागले. कॅप्टनने माझा दंड धरला. मी तो झटकला. डोळे उघडत नव्हते, गुडघ्यातून रक्त येऊन मोज्यात चाललं होतं, पण मी उभी राहिले.

कॅप्टनला कळलं की हे काही बरं लक्षण नाही. तो घाईने म्हणाला, “तिची शपथ चालत नाही. कच्चा लिंबू आहे ती.”

बिचारा. खरं सांगायचं तर पुढच्या आयुष्यात माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या एकाही शहाण्या माणसाने मला इतकी मोठी मदत केलेली नाही.

मी विचारलं, “कच्च्या लिंबूला फाऊल असतो का रे?”

तो म्हणाला, म्हणजे काय?

“म्हणजे एरवी माझा गोल धरत नाही, माझ्यावर राज्य येत नाही, मी बाद होत नाही. मग माझा फाऊल कुठून आला? मी खेळत नसेन तर मला कोणी पाडलंच नाही. मी खेळत असेन तर शपथ माझी. काय ते ठरव.”

फॉरवर्ड म्हणाला, हे काय वकिलासारखं. कॅप्टन कुठल्याही बाजूने गेला असता तरी पेनल्टी नव्हती, आणि ते त्याला माझ्या नंतर साधारण दोन श्वासांनी समजलं. त्याचं ठरायची मी वाट बघितली नाही. गळ्याची कातडी चिमटीत धरली. तिलाही मिरची लागली.

“आईशप्पथ, फाऊल नव्हता.”

गावठाणातली पोरं ओरडली, नाचली. त्या उंच पोराने काही केलं नाही. नाक ओढलं, बॉल पायाखाली घेतला आणि गोलकीला म्हणाला, चल, खेळ सुरू. थोड्या वेळाने त्यांनी गोल मारला. तो उंच पोरगा गोल मारायला जाताना मी त्याच्या आडवी गेले होते, डोळे चोळत, लंगडत. त्याने मला खांद्याने बाजूला सारलं आणि निघून गेला. सॉरी वगैरे म्हणाला नाही.

संध्याकाळी आई आली. तिने चप्पल काढता काढता माझा गुडघा बघितला, पर्स टेबलावर ठेवली आणि चौकशी सुरू केली.

“कोणी पाडलं?”

“गावठाणातल्या पोराने.”

“फाऊल होता?”

“नाही.”

“मग डोळे कशाने सुजलेत?”

“मिरचीने.”

तिने जखम धुतली. कापूस लावून झाल्यावर तिने विचारलं, शपथ कोणाची घेतलीस? मी म्हटलं, तुझी. खरी घेतलीस ना? हो. मग बरं, म्हणाली, आणि कुकर लावायला गेली. तेवढंच. खाली कोणाच्याही दारात गेली नाही.

खाली मात्र मी फितूर ठरले होते. हा शब्द कॅप्टनने चौथीच्या इतिहासातून आणला असावा. आपल्याच टीमला हरवलं. एका शब्दाने सकाळ घालवली. त्याच्या दृष्टीने खरंही होतं. सगळ्या बिल्डिंगने माझ्याशी कट्टी घेतली. ते दुपारी खेळायला लागले, डांबरासारख्या तापलेल्या मैदानात, आणि नाकं सोलून घरी यायला लागले. मी भगदाडाजवळ बसून बघायचे. मला वाईट वाटत होतं का? सकाळ गेल्याचं वाटत होतं. शपथेचं नाही. आजही नाही. मी तिथे पडून राहिले असते तर आम्ही जिंकलो असतो आणि मी जन्मभर बॉल आणत राहिले असते.

जन्मभर हा शब्द मी रागात वापरलेला नाही, मोजून वापरलाय. त्या प्लॉटवर आता हिरवळ लावायची ठरली आहे. भोवती जॉगिंग ट्रॅक, आत बाक, आणि ‘धोकादायक खेळ खेळू नयेत’ असा फलक. गेल्या महिन्यात सोसायट्यांची एकत्र सभा झाली, तिथे मी पत्रकं घेऊन गेले. धोकादायक खेळ म्हणजे कोणते, असं विचारलं. उत्तर आलं की ते सगळं, बॉलचं, पकडापकडीचं, पोरांना लागतं, विशेषतः मुलींना, त्यांच्यासाठीच तर करतोय. मी उभी राहिले आणि बोलले. मुलींच्या नावावर मुलींचं मैदान काढून घेऊ नका, म्हटलं. गुडघा फुटला तर तो भरून येतो, पण धावायला जागाच नाही ठेवली तर ती पोर कुठे धावणार, म्हटलं. माती राहू द्या. कोणी मला अडवलं नाही. अध्यक्षकाका हसून म्हणाले, बोलू द्या तिला, मुलीच्या बोलण्यात तळमळ आहे. छान टाळ्या वाजल्या. मग पुढचा विषय निघाला, पाण्याच्या टाकीचा.

मी विरोधाची तयारी करून गेले होते. मुद्दे, प्रतिमुद्दे, सगळं. त्यांनी माझ्या पोटरीवर हळूच बॉल टाकला आणि म्हणाले, जा, तुला नाही धरत. ते टाकणं मी लांबूनही ओळखते. म्हणून पुढच्या सभेलाही मी जाणार आहे, आणि टाळ्या वाजायला लागल्या की त्या थांबवून विचारणार आहे, माझं मत धरलं का? धरलं असेल तर विरोधात बोला. उठा, समोर या, पायात पाय घाला.

तर ती कट्टी.

कट्टी चालू असताना टीमच्या खेळात शिरता येत नाही. तुम्हाला कोणीतरी निवडावं लागतं. आबाधुबीत कोणी निवडत नाही. मैदानात जो उभा आहे तो खेळात आहे. शाळा उघडायच्या थोडंच आधी, एका दुपारी, ते आबाधुबी खेळत होते. मी भगदाडातून आत गेले आणि मधोमध उभी राहिले.

खेळ क्षणभर अडखळला. कोणी हाक मारली नाही, कोणी जा म्हणालं नाही, कट्टीत बोलता येत नाही ना. बॉल माझ्या आजूबाजूने जायला लागला. याला लागला, त्याला लागला. मी पळाले, वाकले, कोणी मला मारत नव्हतं. मग बॉल कॅप्टनच्या हातात आला. त्याचं नाक सोललेलं, टी-शर्ट पाठीला चिकटलेला, महिनाभराचं ऊन चेहऱ्यावर. त्याने माझ्याकडे बघितलं. आता तीन पावलं पुढे येईल, असं मला वाटलं.

तो एक पाऊल मागे गेला. हात पार डोक्यामागे नेला. मी वळून पळायला लागले आणि खांद्याच्या खाली, बरोबर पाठीवर, असा काही बॉल बसला की श्वासच बाहेर पडला. फटाक्यासारखा आवाज प्लॉटभर घुमला. मी हातावर पडले.

सगळे थांबले. फॉरवर्डने कपाळाला हात लावला. कॅप्टनचा राग त्या एका फेकीत संपून गेला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो दोन पावलं जवळ आला. तोंडात अंगठा घालून, ओला करून, टाइम प्लीज म्हणत त्याने खेळ थांबवला आणि कट्टी विसरून विचारलं, “ए, लागलं का गं?”

पाठ पेटली होती. तो लाल गोल वर येताना मला जाणवत होता, नाण्यासारखा नाही, चांगला ताटलीएवढा. दुसऱ्या दिवशी शाळा असती तर काय झालं असतं. बॉल लोळत माझ्याच हाताशी आला होता. या वेळी तो कोणाला आणून द्यायचा नव्हता.

मी उठले. बॉल दोन्ही हातांत घेतला.

“टाइम प्लीज नाही,” मी म्हटलं. “पळ.”

आणि तो पळाला.